नावावरचा कागद

काय सांगू बाप्पा, मे महिन्यात एसी बंद करून कॉम्प्युटर तपासायची अक्कल फक्त आमच्या मारोतभाऊजींनाच! म्हने, "चारू, तुमच्या मशीनीतली चिप सस्ती आहे. तापून बंद पडली तर?"

भाऊजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे, ताराचे, मालक. खुर्सीपारजवळच्या एका लोखंड ओतायच्या कास्टिंग कंपनीत खरेदीचे साहेब. आमची चिप बनवणारी कंपनी नवी. तिनं मले साफ सांगितलं होतं, एक तरी मोठं गिऱ्हाईक आना, नाही तर एजन्सी परत घेऊ. भाऊजींच्या कंपनीच्या कॉम्प्युटरच्या ऑर्डरवर माझं स्मृति नगरचं दुकान अडकलं होतं.

एक मशीन माझी, एक नामी कंपनीची; दोन्हींच्या नावावर भाऊजींनी कागद चिकटवले. दोघींले साऱ्या कामगारांचा पगार काढायले लावला. खोली नुसती भट्टी! आन् नामी कंपनीचा माल विकणारा अच्युत गळ्यातली टाय सैल न करता हसून राहिला होता. मले त्याचा असा राग आला म्हणता!

डावीकडची मशीन पगार काढून आधी मोकळी झाली. भाऊजींनी तिच्यावर हात ठेवून पाहिला.

"तापलीही नाही. हीच पाहिजे आपल्याले!"

कागद काढला. माझी होती! मी तर हातच जोडले.

भाऊजींचा चेहरा उतरला. अच्युत हळूच म्हणाला, "चांगली आहे साहेब. फक्त उद्या काही झालं, तर वरचे विचारतील, ही कुठली आणली?"

बस. भाऊजी माझ्याकडे पाहीनात.

"चारू, त्यांची बंद पडली तर लोक म्हनतील मशीन खराब निघाली. तुझी बंद पडली तर म्हनतील मारोतराव खराब निघाला."

"पण जिंकली कोण, भाऊजी?"

ऑर्डर अच्युतले गेली.

संध्याकाळी मी दुकानातलं सामान बांधून राहिली होती, तर दारात भाऊजींची स्कूटर.

"शैलाच्या अभ्यासासाठी एक मशीन पाहिजे. तुझीच दे. डोळ्यानं पाहिली ना मी."

मले हसावं का रडावं समजेना. तरी मशीन काउंटरवर ठेवली. ताराच्या पोरीसाठी होती ना.

"आन् तो कागद तेवढा चिकटवून दे नावावर," ते म्हणाले. "घरी ऑफिसचे लोक येतात."

मी मशीनीवर हात ठेवला.

"कागद नाही मिळनार. नाव दिसू द्या, आन् घेऊन जा."

भाऊजींनी रुमालानं मान पुसली. मशीनीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "तारा वाट पाहून राहिली असंल," म्हणाले, आन् रिकाम्या हातानं गेले. त्या दिवशी मी दुकानात बसून पोटभर रडली.

एजन्सी गेली. ती मशीन मी घरी आणून समोरच्या खोलीत ठेवली. आता शैला रोज माझ्याकडे शिकायले येते. भाऊजी तिले कोपऱ्यापर्यंत सोडतात, आन् तिथूनच स्कूटर वळवतात.