खपलीचे बटाटे

“बाहेरून आलेलं काहीही असो, आधी पाण्यातून काढ.”

अकोल्याच्या जुन्या शहरात, भिक्षुकाच्या घरात, जुईलीची आई हे इतक्यांदा म्हणायची की ते लेकीच्या हातांनाच पाठ झालं. भाजी पाण्यात, फुलं पाण्यात, नारळसुद्धा पाण्यात.

अंजनगावच्या सासरी मळ्यातले बटाटे आले, तेव्हा तेच हात शहारले. अंगभर खरूज. तपकिरी खपल्या, खपल्यांच्या भेगांत माती. कुणाच्या भेगाळल्या टाचा टोपलीत भरून आणाव्यात तशा.

“खपलीचं काई नाई वं, आत साजरा असते,” सासू मैनाबाई म्हणाल्या. “माती राहू दे अंगावर. वाळूवर पसर, वरून निंबाचा पाला टाक.” आणि त्या मळ्यात गेल्या.

जुईलीनं ते सगळे मोरीत ओतले. काथ्यानं घासले. खपल्या सुटून पाण्यावर तरंगल्या, बोटांना चिकटल्या, नखांत बसल्या. सासूच्या पावलांची चाहूल लागली तशी तिनं ओलेच बटाटे वाळूवर ढकलले आणि पाल्यानं झाकले.

पुढं घरात वास सुटला. आधी वाटलं उंदीर मेला. मग सासरे नत्थुजींनी पाला उचलला, बटाट्याला हात लावला, तर बोट आत गेलं. पुवासारखा पांढरा रस मनगटावर ओघळला. चिलटांचा ढग उठला. जुईलीनं नाकावर पदर दाबला.

“वाळू ओली टाकली काय वं?” नत्थुजी बायकोवर कडाडले.

“उनात वाळवली होती जी.”

“मंग काय बटाटे रडले? पुढच्या सालापासून सारे बाजारात. तुह्या हातचं आता टिकत नाई!”

ज्या हातांनी दरसाली बटाटा आषाढातल्या आखाडीपर्यंत नेला, ते हात मैनाबाईंनी त्या लिबलिबीत लगद्यात घातले. चांगला एखादा सापडतो का, चाचपत राहिल्या. कोपरापर्यंत बरबटल्या. मग स्वतःचीच बोटं हुंगून हळूच म्हणाल्या, “असंन. माहाच हात उतरला असंन.”

जुईलीनं नाकावरचा पदर काढला. वास थेट आत शिरला.

“मामाजी, आत्याबाईंना बोलू नका. मी धुतले होते बटाटे. मला त्यांची किळस आली.”