चिकटपट्टी लावलेला धडा

दवाखान्यात थोरलीच्या आईला सगळे सिस्टर म्हणत. प्रसूती विभागात आईची तीस वर्षं गेली होती, पण थोरलीने त्या विभागाची पायरी कधी चढली नव्हती. "ती जागा लग्न न झालेल्या मुलींची नव्हे," असा आईचा दंडक होता. आता लग्नाला नऊ दिवस झाले होते, तेव्हा दंडक आपोआप उठला.

त्यांतले चार दिवस ती सासरी होती आणि पाच माहेरी. पहिल्या रात्री नवरा जवळ आला आणि ती अशी किंचाळली की सासूबाईंनी दार वाजवलं. चोवीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी बाई. काहीतरी असतं एवढं तिला ठाऊक होतं. काय, ते नव्हतं. नवरा बिचारा खुर्चीत झोपला. चौथ्या दिवशी त्याने खाली मान घालून विचारलं, "तुला माझी किळस येते का? तसं असेल तर रविवारपर्यंत सांग. मी तुला बांधून ठेवणार नाही." किळस कसली, तिला तो आवडत होता. तिला फक्त भीती वाटत होती, आणि भीती कशाची हेही सांगता येत नव्हतं.

आईला विचारलं तर आई म्हणाली, "प्रार्थना कर. बाकीचं आपोआप समजतं." पलीकडे वडील पवित्र शास्त्र वाचत बसले होते. विषय संपला. उद्या रविवार होता, म्हणून आज ती दवाखान्यात आली. इथे तरी वडिलांचे कान नसतील. नोंदणीच्या खिडकीवरून तिने सतरा नंबरचा कागद घेतला आणि पडद्याबाहेरच्या बाकावर बसली.

पडद्याआड सोळा नंबर होती, कोणीतरी नवी नवरी. आणि बोलत होती तिची आई. शरीराच्या ज्या भागांना घरी नावंच नव्हती, त्यांची नावं ती बाजारात भाजी मागावी तशी सहज घेत होती. काय होतं, कसं होतं, दुखलं तर काय करायचं, नको असेल तर नाही कसं म्हणायचं. मधेच तिने काही चावट विनोद केला आणि ती मुलगी खुदकन हसली. आई विनोद करते, हे थोरलीला आजच कळत होतं.

"घरी कोणी काही सांगितलं नाही?" आईने विचारलं. "आई आहे ना तुला? काय बायका असतात एकेक. पोरीला डोळे बांधून विहिरीवर पाठवतात."

थोरलीला नववीचं विज्ञानाचं पुस्तक आठवलं. त्यातला एक धडा आईने दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीने चारही बाजूंनी बंद करून टाकला होता. "माझा तुझ्यावर विश्वास आहे," असंही वर म्हणाली होती. वर्गातल्या मुली हसल्या, परीक्षेत चौदा मार्क बुडाले, पण थोरलीने पट्टीला नख लावलं नाही. आईचा विश्वास मोडायचा कसा? पुस्तक अजून माळ्यावर होतं, पट्टीसकट. फसवलं मला, तिला वाटलं, माझ्याच आईने फसवलं.

"सतरा," आईने हाक मारली.

थोरली आत आलेली बघून आईचा चेहरा पडला. "तू इथे कशाला आलीस? घरी बोलू."

"घरी पाच दिवस बसले होते मी," थोरली म्हणाली. "आत्ताच्या मुलीला सांगितलंस ते मला सांग."

आईने उठून शेजारच्या टेबलावरच्या कोवळ्या नर्सला बोलावलं, या महिन्यातच लागलेली पोर होती ती. "हिला जरा नीट समजावून सांग," आई म्हणाली. "माझ्या ओळखीतली आहे." आणि पडदा सारून बाहेर गेली.

त्या पोरीने सगळं सांगितलं, न लाजता, चित्र काढून. पंधरा मिनिटं लागली. चोवीस वर्षं अडून राहिलेली गोष्ट पंधरा मिनिटांची होती. आपल्यात काही बिघाड नाही, हे कळून थोरलीला रडू आलं. संध्याकाळी थेट सासरी जायचं, रविवारची वाट बघायची नाही, हे तिने तिथेच ठरवलं.

तिचे डोळे बघून नर्स हळूच म्हणाली, "ताई, रागावू नका, पण तुम्हाला आई नाही का?"

पडद्याखाली आईचे पांढरे बूट दिसत होते. ते तिथून हलले नव्हते.

"आहे ना," थोरली म्हणाली. "ओळखीतली आहे."