दोन्हीकडे हूक

राष्ट्रध्वज प्रत्येक भारतीयाच्या हृदयात असतो. तिथे तो उभा लावायचा की आडवा, हा प्रश्न येत नाही, कारण हृदयात दार आणि खिडकी यांच्यामध्ये नेमकी किती जागा उरते हे कुणी टेप लावून मोजत नाही. साळूबाईंच्या घरात ती पाच फूट उरली होती. झेंडा सहा फुटांचा होता.

"मग उभाच लावाय लागतोय," फ्रेमवाला आदगोंडा म्हणाला.

"उभा चालतोय व्हय, आण्णा?" साळूबाईंनी विचारलं.

"न चालाय काय झालं?" असं तो म्हणाला खरा, पण म्हणता म्हणताच त्याला वाटलं, की आपण हे कशाच्या जोरावर म्हणालो?

सांगलीत बाजाराच्या मागच्या गल्लीत आदगोंडाचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. सत्तावीस वर्षांत त्याने देव मढवले, पुढारी मढवले, नवरा-नवरी मढवली आणि वारलेली माणसं तर किती मढवली याची गणती नव्हती. तिसऱ्या खेपेला दहावी सुटलेल्या एका गृहस्थाला त्याने तिन्ही गुणपत्रकं एकाच फ्रेममध्ये करून दिली होती, तेही चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. त्याचा धंद्यातला नियम एकच होता. फ्रेम आपली, आतलं गिऱ्हाईकाचं. वर काय आणि खाली काय, ते गिऱ्हाईक सांगणार.

आणि आता हे गिऱ्हाईक त्यालाच विचारत होतं.

साळूबाई तासगावच्या अलीकडच्या एका गावाहून आल्या होत्या. हातात उशीचा अभ्रा होता. त्यांनी आधी पायातल्या चपला काढल्या, मग अभ्र्यातून झेंडा काढला आणि काचा कापायच्या टेबलावर दोन्ही हातांनी उलगडला. ते पाहून आदगोंडाने टेबलाखाली स्वतःच्या चपला गुपचूप सारल्या.

"मालकांचा हाय," त्या म्हणाल्या. "फौजेत हुतं. त्यांस्नी आणलं त्या पेटीवर घातला हुता."

आदगोंडाने आवाज खाली आणला. "लढाईत...?"

"न्हाई. लंगरात. कणिक मळताना छातीत कळ आली."

साळूबाईंचे मालक, म्हणजे हवालदार गुंडा, फौजेच्या लंगरात वीस वर्षं स्वयंपाकी होते. गावाने चौकात लावलेल्या डिजिटल बोर्डावर मात्र त्यांच्या मागे रणगाडा छापला होता. गुंडांनी रणगाडा पाहिला असेल, नसेल. रणगाड्यातल्या माणसांना पोळ्या नक्कीच घातल्या होत्या.

"आदी म्याच लावला हुता भितीला," साळूबाई सांगू लागल्या. "चार चुका ठोकल्या, वर मालकांचा फोटू, फोटूला हार. हार खाली झेंड्यावर आलता. तर हंबीरराव भावजी आलं. सुभेदार हुतं त्ये. दारातनंच वरडलं. म्हनलं, वयनी, तीन वर्सं आत जाशीला! झेंड्याला चुका मारत्यात व्हय? झेंड्याच्या वर फोटू लावत्यात व्हय? काढला बगा त्याच पायी. तवापास्नं माज्या लुगड्याच्या पेटीत हाय. वरीस झालं. रोज वाटतंय, हितं तरी बरोबर हाय का न्हाई."

"पेटीत चालतंय की."

"चालतंय का? कुणी सांगितलं?"

सांगितलं कुणीच नव्हतं.

शेवटी आदगोंडाने मुलीला फोन लावला. ब्राह्मी साताऱ्याला कॉलेजात होती आणि तिच्या फोनमध्ये जगातलं सगळं सापडत असे, वडिलांचे मिस्ड कॉल सोडून. त्याने स्पीकर लावला आणि बोलता बोलता सवयीने कापडाच्या सुरकुत्या तळहाताने सारख्या करू लागला.

"मिळालं पप्पा, नियमावली आहे. ऐका. ध्वज भिंतीवर उभा लावल्यास केशरी पट्टा ध्वजाच्या उजवीकडे असावा."

"उजवीकडं," आदगोंडाने साळूबाईंना सांगितलं.

"उजवीकडं," साळूबाई समाधानाने म्हणाल्या.

"म्हणजेच पाहणाऱ्याच्या डावीकडे," ब्राह्मीने वाक्य पुरं केलं.

आदगोंडाने आधी स्वतःचा उजवा हात पाहिला, मग डावा.

"आगं मग नेमका कुणीकडं?"

"ध्वजाच्या उजवीकडे, पप्पा."

"झेंड्याला उजवं-डावं कसलं? त्यो काय जेवाय बसतोय?"

"तो तुमच्याकडे तोंड करून उभा आहे असं समजा. थांबा, पुढे अजून आहे. ध्वजाला चुका, टाचण्या मारून तो फाटेल असं काही करू नये..."

साळूबाईंनी मान खाली घातली. आदगोंडाचा हात हिरव्या पट्ट्यावरून कोपऱ्याकडे सरकत होता. कडेच्या शिवणीपाशी त्याचं बोट अडकलं. त्याने वाकून पाहिलं. करंगळीचं नख जाईल एवढं भोक होतं, आणि भोकाच्या कडा खिळ्याने फाटतात तशा नव्हत्या. त्या कुरतडलेल्या होत्या. पेटीत चालतंय की नाही, याबद्दल उंदरांचं मत स्पष्ट होतं.

"...आणि ध्वज फाटला किंवा खराब झाला," ब्राह्मी वाचतच होती, "तर तो संपूर्ण, खासगीरीत्या, शक्यतो जाळून नष्ट करावा. पप्पा? ऐकू येतंय ना?"

आदगोंडाने वर पाहिलं. साळूबाईंची नजर त्याच्या बोटावरच होती. त्यांना भोक ठाऊक होतं. फक्त त्याला नियम आहे, हे ठाऊक नव्हतं.

"त्यास्नी जाळायच्या आदी ह्यो काढून माज्या हातात दिला," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही की उतरला नाही. "घडी घालून. आता ह्येबी जाळू?"

"पप्पा?"

"नेटवर्क न्हाई बाळ हितं," आदगोंडा म्हणाला आणि फोन बंद केला. त्याच्या घराण्यात खोटं बोलायची रीत नव्हती. हे त्याचं त्या वर्षातलं पहिलं असावं. "आक्का, ठेवून जावा. रविवारी घिऊन येतो. भितीला मीच लावतो."

साळूबाईंनी रिकाम्या अभ्र्याची घडी घातली, चपला घातल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, "बरोबर लावा बरं का. कुणी परत काढ म्हनू ने. येवढंच."

घरी जाऊन आदगोंडाने बायकोला, म्हणजे त्रिशलाला, स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं.

"भितीला पाठ लावून हुबी ऱ्हा. तू झेंडा."

"ओ, तव्यावर चपाती हाय."

"झेंडा चपात्या करत न्हाई. उजवा हात वर कर."

त्रिशलाने कालथा धरलेला हात वर केला. आदगोंडाने समोरून पाहिलं. कालथा त्याच्या डावीकडे होता. म्हणजे केशरी तिकडे. त्याचा चेहरा उजळला, तेवढ्यात चपातीचा वास आला आणि झेंडा निघून गेला.

पण फ्रेमवाल्याचं काम पाठीमागून असतं. काच टेबलावर, त्यावर चित्र पालथं, त्यावर पुठ्ठा. सत्तावीस वर्षं सगळे देव त्याच्यासमोर असे पालथे पडले होते, आणि कुणाच्याही डाव्या-उजव्याने त्याचं काही अडलं नव्हतं, कारण देवाला डोकं असतं आणि डोकं वर. झेंडा दोन्हीकडून सारखा. चक्रालाही वर-खाली नाही. पालथ्या झेंड्यापुढे उभा राहून आदगोंडाने त्रिशलाचा कालथा आठवला, मग स्वतःला काचेच्या पलीकडे कल्पिलं, मग त्रिशलाला पालथं कल्पिलं, आणि मग पाणी प्यायला.

दुसऱ्या एका गोष्टीबद्दल मात्र त्याच्या मनात जराही गोंधळ नव्हता. कुरतडलेला कोपरा त्याने खालच्या अंगाला घेतला. टाचणी मारायची नव्हती, डिंक लावायचा नव्हता. कापड नुसतं काच आणि पुठ्ठा यांच्या दाबावर राहणार होतं. असं कापड सरकतं ते खालीच. भोक खाली असलं की सरकून आणखी आत जाणार. त्याने इंचाचे आठ सूत असलेली जुनी लोखंडी पट्टी काढली आणि मोजलं. फ्रेमचं लाकूड काचेवर सहा सूत येत होतं. कापडाच्या कडेपासून भोक चार सूत आत आलं होतं, म्हणजे लाकडाखाली दोन सूत जास्तीचे उरत होते. त्याने ते दोनदा मोजलं, आणि डाव्या-उजव्याच्या भानगडीवर शेवटी कारागिराचा उपाय केला. फ्रेम फिरवली की डावं उजवं होतं. म्हणून त्याने वरही दोन हूक मारले आणि खालीही दोन.

रविवारी टेम्पोतून फ्रेम गावात आली, आणि फ्रेमच्या आधी हंबीरराव आले. सत्तरीचे, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा सदरा. ते खुर्चीवर बसले नाहीत.

गुंडांचा फोटो साळूबाईंनी आधीच समोरच्या भिंतीवर हलवला होता. फोटोत गुंडांच्या हातात बंदूक होती, आणि ती धरण्याची पद्धत झाऱ्यासारखी होती. आदगोंडाने भिंतीत खुंट्या ठोकल्या, टेम्पोवाल्याला हाताशी घेऊन फ्रेम चढवली आणि मागे सरला. केशरी डावीकडे. पुस्तकाप्रमाणे.

"चूक," हंबीरराव म्हणाले.

"आवं, नियम हाय तसा. झेंड्याच्या उजवीकडं, म्हंजे बगणाऱ्याच्या..."

"उजवीकडं म्हंजे उजवीकडं!" हंबीररावांनी स्वतःचा उजवा हात कडक पुढे केला. "अठ्ठावीस वर्सं सलाम ठोकलाय आमी झेंड्याला. तुमी काय ठोकलंय?"

"खिळं," आदगोंडा म्हणाला.

"भावजी," साळूबाई मध्ये पडल्या, "त्यांच्या लेकीनं फोनात वाचलंय."

"फोनात काय बी येतंय वयनी. काल फोनात आलं, मला लाटरीत मोटार लागली म्हणून. लागली का? फिरवा ती फ्रेम. न्हाईतर उतरवा. आमच्या घरातल्या जवानाचा झेंडा उलटा लटकू देणार न्हाई मी."

आदगोंडाने साळूबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडे पाहत होत्या. चार जुन्या चुकांची भोकं अजून तिथे होती.

फ्रेम उतरली. फिरवली. परत चढली. आता केशरी उजवीकडे होता आणि कुरतडलेला कोपरा वर होता. आदगोंडाच्या कानामागून घामाचा थेंब निघाला. आतलं कापड आता सरकलं, तर भोक लाकडाखालून बाहेर येणार होतं.

हंबीरराव पाऊल मागे सरले. मग दोन पावलं पुढे आले. मग अगदी जवळ. चष्मा काढून त्यांनी काचेवरून नजर खालून वर न्यायला सुरुवात केली, जशी ते एके काळी जवानांच्या बुटांपासून टोपीपर्यंत नेत असत.

"कुठं फाटलाबिटला न्हाई ना?" त्यांनी विचारलं. "फाटला असंल तर ठेवता येत न्हाई. जाळाय लागतोय. ह्यो नियम मला बिल्कुल पाठ हाय."

साळूबाईंनी पदर मुठीत धरला. टेम्पोवाला उगाच खिडकीतून बाहेर पाहू लागला.

आदगोंडा म्हणाला, "काचेत दिसतोय तेवढा सगळा चांगला हाय, सुभेदार. बगा की."

सुभेदारांनी पाहिलं. वरच्या कोपऱ्यापाशी त्यांची नजर थांबली. बराच वेळ थांबली. त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. माशी बसली होती की आणखी काही, ते आदगोंडाला कळलं नाही. मग त्यांनी चष्मा चढवला, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

"गुंडाच्या हातची डाळ," ते कुणाकडेही न पाहता म्हणाले, "पुऱ्या बटालियनीत तशी न्हवती." आणि बाहेर पडले.

पायांचा आवाज गल्लीत विरेपर्यंत साळूबाई दारात उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "आण्णा, खरं सांगा. आता बरोबर हाय का?"

"आता चूक हाय," आदगोंडा म्हणाला. "पर दोन्हीकडं हूक हाईत."

साळूबाईंनी विचार केला. "मग बरोबर करून ठेवा. भावजी सवीस जानेवारीला आन पंदरा आगस्टला च्या प्याला येत्यात. तेवढं दोन दिस चूक करीन. हितल्या पोरांस्नी हाक मारली की फिरवून देत्यात."

"चालंल."

त्या चहा ठेवायला आत गेल्या. फ्रेम फिरवायच्या आधी आदगोंडा स्टुलावर चढला, खिशातली लोखंडी पट्टी काढली आणि वरच्या कोपऱ्यात लावून पाहिली.

झेंडा एक सूत सरकला होता. एक सूत उरलं होतं.