चाकं थांबायच्या आधीची टाळी

मी बोलतोय तो आंब्याखालून. दचकू नका, मी विमान आहे. निदान परवापरवापर्यंत होतो. आता माझ्या एका पंखाखाली कोंबड्या बसतात आणि दुसरा पंख गवतात पडलाय. लोक येतात, हळहळतात आणि म्हणतात, "आडव्या वाऱ्याने घात केला." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. वाऱ्याने काहीही केलेलं नाही!

जन्मलो मी कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात, पण आयुष्य गेलं ते इथे, झांबेझी नदीच्या काठच्या सपाटीवर. पूर आला की वाटा बुडतात, मग गावं डोंग्यांच्या आणि माझ्या भरवशावर. मी औषधं नेली, शिक्षक नेले, सुक्या माशांची पोती नेली. तो वास अजून माझ्या पोटातून गेलेला नाही.

माझा वैमानिक मुबिता. हात हलका, नजर तेज, पण सासुरवाडीला भारी टरकून असायचा. तिथले मुखिया अकापेल्वा हे त्याचे सासरे. आमच्याकडे थोरांना नमस्कार म्हणजे वाकून, ओंजळ करून वाजवलेली टाळी, आणि ती धाकट्याने आधी वाजवायची. मागच्या खेपेला मुबिताने आधी मला खुंट्यांना बांधलं आणि मग टाळी वाजवली. झालं! म्हातारा फुगून बसला.

त्या दिवशी निरोप आला, अकापेल्वांची धाकटी मुलगी नासिलेले बाळंतपणात अडली आहे, लगेच दवाखान्यात न्यायला हवं. निघताना मुबिताची बायको इनोंगे माझ्या दाराशी धावत आली.

"माझ्या बहिणीला सुखरूप आण. आणि हो, बाबा दिसले की आधी टाळी! मागचं अजून मला ऐकवतात. म्हणे, जावई उडायला लागला, आता त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत."

"अगं, वाजवतो! दोनदा वाजवतो, मग तर झालं?"

गावाच्या धावपट्टीवर वारा डावीकडून सणसणत होता. मुबिताने माझा डावा पंख वाऱ्याकडे झुकवला, नाक सरळ केलं आणि इतकं अलगद टेकवलं की मलाच त्याचा अभिमान वाटला. चाकं टेकली की काम संपलं, असं माणसांना वाटतं. अहो, आमचं खरं काम तिथून सुरू होतं! थांबेपर्यंत पंख वाऱ्याशी झुंजत असतो, सुकाणू घट्ट धरावं लागतं.

पट्टीच्या कडेला अकापेल्वा उभे होते. शेजारी चटईवर नासिलेले कण्हत होती.

मी अजून धावतच होतो, तोच मुबिताने सासऱ्यांना पाहिलं आणि सुकाणूवरचे दोन्ही हात सोडले. ओंजळ केली, वाकला, टाळी वाजवली. एक. दुसरी वाजायच्या आत माझा डावा पंख उचलला गेला. मी ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे नुसता खडखडाट. शेपटी फिरली, मी गर्रकन वळलो आणि उजवा पंख वारुळावर आपटून तुटला.

मुबिता धडपडत बाहेर आला. त्याला नुसतं खरचटलं होतं. आणि म्हातारा पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"पाहिलंत? मरता मरता मान दिला. जावई असावा तर असा!"

"मान राहू दे बाबा," नासिलेले चटईवरून म्हणाली, "आता मला नेणार कसं?"

तिला डोंग्यातून नेलं. पाणी ओढीचं, वाट लांबची. ती वाचली. बाळ वाटेतच गेलं.

मला ढकलून आंब्याखाली आणलं. मुबिता सगळ्यांना वाऱ्याची गोष्ट सांगतो, आणि अकापेल्वा मान डोलावतात. नातवंड गेलं त्यांचं, तरी टाळीचं कौतुक ओसरत नाही. चीड येते मला, आणि करू काहीच शकत नाही.

नासिलेले संध्याकाळी येते, माझ्या चाकाला टेकून बसते. काल तिचे वडील समोरून आले. रीतीप्रमाणे तिने टाळी वाजवायला हवी होती. तिने हात पोटावरून हलवलेच नाहीत. म्हातारा वाट पाहत उभा राहिला, मग खाली बघत निघून गेला.

तुम्हाला ज्याला मान द्यायचा त्याला खुशाल द्या. पण आधी मला थांबू द्या हो. सासरेबुवा कुठे पळून जात नव्हते.