पडवीतला आवाज

माझा भाऊ विनीत मुंबईहून तीन कॅमेरे घेऊन आला, तेव्हा मी त्याला तोंडावर म्हटलं, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुखणं आईच्या डोक्यात आणि हा औषध वाशाला बांधतोय.

आईचं विसरणं वर्षभर वाढत होतं. आधी चुलीवरचं दूध विसरली, मग नातवंडं, मग मला. पावसाळा सरता सरता ती बाबांनाही विसरली. घरात हा कोण परका म्हातारा, म्हणून तिने त्यांना दाराबाहेर काढलं. एवढा संसार केलेले माझे बाबा घरामागच्या गोठ्यात, गायीशेजारी पेंढ्यावर झोपायला लागले. थंडीने त्यांचा खोकला वाढला. मी महाडला शाळेत शिकवते, उमरठला आईबाबांकडे जायला रविवारच मिळतो.

विनीतचं म्हणणं सरळ होतं. "थोडे दिवस कॅमेऱ्यात बघतो. असंच चाललं तर आईला मुंबईला नेतो. तिथे निदान दाराला कडी घालून ठेवता येईल." आईला कडीआड मी कल्पूच शकत नव्हते. बाबा शिडी धरून उभे होते.

एक कॅमेरा पडवीत लागला, एक परसात, एक गोठ्यात. वायरची भानगड नाही, सगळे बॅटरीवर. गोठ्यापर्यंत रेंज पोचेना म्हणून राउटर मागच्या खिडकीत ठेवला. तेवढ्यात गायीने शेपटी हलवली आणि तिघांच्याही मोबाइलवर सूचना आली, 'माणूस दिसला'.

"गायीला तरी मानूस म्हणतोय," बाबा म्हणाले.

एका दुपारी बाबा औषध आणायला पोलादपूरला गेले होते. मधल्या सुट्टीत मी मोबाइल उघडला तर आई पडवीतून उतरून ओढ्याच्या वाटेला लागत होती. इतक्यात पडवीतल्या कॅमेऱ्यातून बाबांचं खाकरणं ऐकू आलं. पोलादपूरहून तेही मोबाइलवर बघत होते; त्यातलं बोलायचं बटण विनीतने त्यांना दाखवून ठेवलं होतं.

"कुटं चाललीस गो?"

आई थांबली. तिने पदर डोक्यावर ओढला. सासूसासऱ्यांच्या घरात तिने नवऱ्याकडे दिवसाउजेडी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. बाहेर खाकरणं ऐकू आलं की पदर सावरायचा आणि आतूनच उत्तर द्यायचं, अशी रीत होती. चेहरा विसरली होती, आवाज नाही.

"कुटं नाय," ती म्हणाली आणि परत पडवीत आली. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत रडले.

रविवारी मी गेले, तेव्हा बाबांनी आईसमोर उभं राहून तसंच खाकरून पाहिलं. आई माझ्याकडे वळली. "बघ गो बाय, ह्यो त्यांची नक्कल करतो."

बाबा गुमान गोठ्यात गेले. मी मागोमाग गेले तर ते गायीपाशी बसून मोबाइल तोंडाजवळ धरून होते. पडवीत उभी असलेली आई त्यात दिसत होती.

"अगो, जेवलीस का?"

"तुमी आल्याबिगर कशी जेवू?" आई खाली मान घालूनच बोलत होती. "आनि आपल्या गोठ्यात एक म्हातारा येऊन ऱ्हायलाय. लय खोकतो. काय करू त्याचं?"

बाबांनी बटणावरचं बोट काढलं. गायीच्या पाठीवरून हात फिरवला. मग पुन्हा दाबलं.

"घरात घे त्याला. चांगला मानूस हाय. माझ्या वळखीचा."

"बरं. तुमी येस्तवर ऱ्हाऊ दे."

"हां," बाबा म्हणाले. "मी येस्तवर."

आईने मागचं दार उघडून हाक मारली, "पाव्हनं, आत या." बाबांनी मोबाइल खिशात टाकला, डोळे पुसले आणि पाय धुऊन, परक्या घरी जावं तसे आत गेले. आता आईला मुंबईला न्यायचं कारण उरलं नव्हतं.

तिने त्यांना तांदळाची भाकरी वाढली, वर डाळ वाढली, पोटभर जेवा म्हणून आग्रह केला. आपलं ताट मात्र झाकून ठेवलं.

"हे यायचे हायत अजून," ती मला म्हणाली.