आतल्या बाजूचा टायर

मी आतल्या बाजूचा टायर बोलतोय. अवजड पिकअप ट्रकच्या मागे डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन अशी जोडीनं चाकं असतात, बघा. त्यातलं बाहेरचं सगळ्यांना दिसतं. मी त्याच्या आड, गाडीच्या पोटाखालच्या अंधारात. मुलं गाडीची चाकं मोजतात तेव्हा हमखास मलाच विसरतात.

मी आणि माझा जोडीदार एकाच साच्यातून निघालो. आम्हाला विकत घेतलं ते एका बाईनं. सगळे तिला मधवाली म्हणायचे. मधमाश्यांच्या पेट्या ट्रकमध्ये भरायच्या आणि जिथे बागा फुलल्या असतील तिथे नेऊन ठेवायच्या, हा तिचा धंदा. नवरा गेल्यावर तो तिनं एकटीनं सांभाळला होता.

बाई मोठी काटेकोर! निघण्यापूर्वी जमिनीवर पोतं अंथरायची, बाहेरच्या चाकाच्या भोकातून कोपरापर्यंत हात आत घालायची आणि माझ्या तोंडाला हवा मोजायचं लांब दांड्याचं मीटर लावायची. आम्हा दोघांच्या फटीत अडकलेले दगड उचकटून काढायची. शेजारीण हसायची.

"अगं, चांगले टणक तर दिसतायत! कशाला लोळतेस मातीत?"

"बाहेरचा तोलून धरतो ना, म्हणून आतला बसलेला कळत नाही," ती म्हणायची. "आणि मग बाहेरचाही जातो."

माझ्याविषयी एवढ्या काळजीनं दुसरं कोणी कधी बोललं नाही.

एकदा भरलेली पेटी उचलताना तिची कंबर धरली. डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केली. तेव्हा तिचा थोरला भाऊ मदतीला आला. गोड बोलणारा माणूस. "मी आहे ना! तू नुसती शेजारी बसून हुकूम सोड," म्हणाला. तिनं त्याच्या हाती किल्ली दिली, मीटर दिलं, आमच्यापाशी उभं राहून सगळं समजावून सांगितलं. त्या दिवशी तो वाकला. पुढच्या वेळी विजार मळली म्हणून कुरकुरला. त्यानंतर बाहेरच्या चाकाला बुटानं एक लाथ हाणायची आणि गाडी सुरू करायची, एवढंच.

"दादा, आतल्याची हवा बघितलीस?"

"बघितली."

"मीटर लावून?"

"अगं, लावून! किती वेळा सांगू?"

मी तिथेच होतो हो! त्याचा हात माझ्यापर्यंत आलाच नव्हता. पण माझ्या तोंडातून हवेशिवाय काय निघणार? आणि ती समाधानानं मान हलवून गाडीत बसायची. सख्खा भाऊ सांगतोय म्हटल्यावर कोण संशय घेईल?

अशात मला एक बारीक खिळा रुतला. हवा हळूहळू झिरपू लागली. मी मऊ पडलो, तसा माझ्या वाटचा भार जोडीदारावर गेला. तो तापायचा, कण्हायचा. "अरे, जरा टेकू दे की मला!" म्हणायचा. मी कशाच्या बळावर देणार होतो? बाहेरून बघणाऱ्याला मात्र तो ताठ उभा दिसे.

बदामाच्या बागा फुलल्या होत्या. पहाटे पेट्या भरून निघालो. घाटाच्या उतारावर माझी कड चिरत गेली आणि मी फुटलो. पाठोपाठ जोडीदारही फुटला. गाडी एका अंगावर कलली, दोर तुटले, पेट्या रस्त्यावर आदळून फुटल्या. थंडीनं गारठलेल्या माश्या डांबरावर पसरल्या. ती तशीच वाकून गाडीतून उतरली आणि फळ्यांखाली राणीमाश्या शोधत राहिली. फार थोड्या सापडल्या.

"टायरनं दगा दिला गं!" दादा म्हणाला. "भिकार माल. मी स्वतः निघताना हवा बघितली होती."

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला कुठे लागलं नाही ना, दादा?"

माझ्याकडे तिनं असं पाहिलं की फुटण्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं. जिनं मातीत लोळून माझी काळजी घेतली, तिनं मलाच दगाबाज मानलं.

गॅरेजमध्ये मिस्त्रीनं आम्हाला काढून भिंतीशी टेकवलं. ती काठी टेकत आली, मागोमाग दादा. जुन्या सवयीनं तिचा हात माझ्या हवेच्या तोंडाकडे गेला. तिथल्या टोपीवर चिखल वाळून दगड झाला होता. तिनं नखानं फिरवून पाहिली, फिरेना. पान्ह्यानं फिरवली, तेव्हा कुठे करकरत निघाली.

"दादा," ती वळून म्हणाली, "ही टोपी न काढता मीटर कसं लावलंस?"

तो आधी हसला. मग आवाज चढवून म्हणाला, "एका टायरपायी सख्ख्या भावाची उलटतपासणी घेतेस?"

"टायरचं जाऊ दे. मी दर वेळी विचारत होते. एकदा 'नाही बघितली' म्हणाला असतास, तर मी सरपटत जाऊन बघितली असती."

त्यानं किल्ली बॉनेटवर आपटली आणि चालता झाला. ती टोपी मुठीत धरून तिथेच उभी राहिली. मिस्त्रीनं पुढे केलेल्या स्टुलाकडे तिचं लक्षच नव्हतं. त्यानंतर दादा तिच्याकडे फिरकला नाही, असं मिस्त्रीच्या बोलण्यातून कळलं.

तिच्या गाडीला आता नव्या टायरांची जोडी आहे. मी गॅरेजमागच्या ढिगात पडलोय. जोडीदार शेजारीच आहे, पण माझ्याशी बोलत नाही. मी जाणूनबुजून अंग काढून घेतलं, असंच त्याला वाटतं.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. पाठ दुखत असेल, कपडे मळत असतील, कंटाळा आला असेल, तर खुशाल वाकू नका. पण न वाकता "बघितलं" म्हणू नका.