पिल्लूच बरं

पोपट आणायचा हे एकदाचं ठरलं, तेव्हा आईला वाटलं, चला, पोरीने तोंड उघडून काहीतरी मागितलं तरी. सहा वर्षांची असताना ती अनाथालयातून या घरी आली, त्याला आता तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट. त्याआधी ती आणखी एका घरी जाऊन परत आलेली होती. का परत पाठवलं, हे अनाथालयातल्या बाईंनी धड सांगितलं नव्हतं. ‘जमलं नाही’, एवढंच. आईने त्या लोकांच्या नावाने चांगली बोटं मोडली होती. असल्या पोरीशी ज्यांचं जमलं नाही, त्यांचं कुणाशी जमणार? ताटात पडेल ते ती खायची, कपड्यांच्या घड्या घालायची, उलटून बोलणं तर ठाऊकच नाही. शेजारच्या बाया आपापल्या कार्ट्यांना तिचा दाखला द्यायच्या. घरात तिचं नावच गुणाबाई पडलं होतं आणि आई ते चारचौघांत जरा मिरवायचीही.

दोघी आधी गेल्या त्या पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. लोकांना नकोसे झालेले पोपट या बाई दवाखान्यामागच्या खोलीत सांभाळायच्या आणि बरं घर मिळालं की देऊन टाकायच्या. त्यात एक राखाडी पोपट होता, चांगला बारा वर्षांचा, छातीवरची पिसं स्वतःच उपटून बोडका झालेला. दोन घरं फिरून आला होता. गुणाबाई त्याच्या पिंजऱ्यासमोर बसली ती उठेचना. आईने कौतुकाने बोट पुढे केलं, तर त्याने असा चावा घेतला की रक्तच आलं, आणि वर तोच ओरडला, जसं काही आईनेच त्याला चावलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला वेळ द्यावा लागेल, वर्षही जाईल कदाचित. आणि एकदा नेलात तर परत आणू नका, आता त्याला ते सोसायचं नाही.

आई पडदे शिवायची. कापड मुठीत चुरगाळून बघितल्याशिवाय ती दुकानदाराशी भावाचं बोलायची नाही. पण पोपटाचा विचार तिने केला तो दुखऱ्या बोटानेच. आठवडाभर पोरगी त्या बोडक्याबद्दल बोलत होती, त्याला अंधारात भीती वाटत असेल का, त्याला गाणं आवडत असेल का. तिच्या मानाने हे पुष्कळच बोलणं झालं. तरीही सुट्टीच्या दिवशी आई तिला पक्ष्यांच्या दुकानात घेऊन गेली. नुसतं बघायला, असं म्हणून.

दुकानदार एका पिल्लाला सिरिंजने कोमट, पातळ पीठ भरवत होता. डोळे मिचमिचे, अंगावर जेमतेम पिसं आणि घासासाठी सारखी मान हलतेय. आई तिथेच विरघळली. बोटाला काय झालं, असं दुकानदाराने विचारलं, तेव्हा तिने सगळी हकिगत सांगितली आणि सहज बोलून गेली, “छे हो, लहान असतानाच आणलेलं बरं. हातावर वाढलं की ते आपलं होतं. मोठ्यांना आधीच्या घरच्या खोडी असतात. कितीही करा, ते आपले होत नाहीत.”

अगदी बरोबर, असं दुकानदार म्हणाला. त्याला काय, पिल्लूच विकायचं होतं. आईने वळून पोरीला विचारलं, तर ती म्हणाली, पिल्लूच घेऊ. इतक्या पटकन म्हणाली की आईला हायसं वाटलं. पिल्लू आपलं आपण खायला लागलं की न्यायचं, असं ठरवून दोघी घरी आल्या.

जेवताना आईच्या तोंडी पिल्लाशिवाय दुसरा विषय नव्हता. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठे काय घासतंय, हे ते नुसत्या कानाने ओळखायचे. त्यांनी पोरीलाच विचारलं, “आणि बोडक्याचं काय झालं?”

“तो नको,” ती ताटाकडे बघत म्हणाली.

“का गं? चावतो म्हणून?”

“नाही. त्याला रोज चांगलं वागावं लागेल ना. एखाद्या दिवशी विसरला तर?”

आईचा घास हातातच राहिला. दुकानात आपण काय बोललो आणि कुणासमोर बोललो, हे तिला आता कळलं. तिला स्वतःची शरम वाटली. पण त्याहून जास्त भीती वाटली, कारण तीन वर्षांच्या त्या घड्या आणि ते रिकामं केलेलं ताट तिच्या डोळ्यांपुढे आलं. पोरगी घाबरून जे करत होती, त्याला आपण गुण म्हणत होतो.

ती उठली आणि पोरीजवळ जाऊन बसली. “मी त्या पोपटाबद्दल बोलत होते गं. तुझ्याबद्दल नाही.”

“मला माहितेय.”

“तू आमचीच आहेस. चावलीस तरी आमचीच.”

पोरीने मान डोलावली. पिल्लू राहू दे, उद्या बोडक्यालाच घेऊन येऊ, चावू दे त्याला किती चावायचंय ते, असं आई म्हणाली. पोरगी म्हणाली, चालेल. दोन्हीपैकी काहीच आणायचं नाही म्हटलं असतं, तरी ती चालेलच म्हणाली असती.

मग आईचे डोळे भरून आलेले बघून पोरीने तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि तिला घट्ट धरलं. आईनेही तिला धरून ठेवलं. पण ही मिठी पोरीला मारावीशी वाटली, की आईला बरं वाटावं म्हणून तिने मारली, हे आईला कळेना आणि विचारायची सोयही नव्हती.